काही न करायची नेमणूक

दोन वर्षं काहीही नवीन करायचं नाही, असं कागदावर लिहून रुबियेमकडून सही घेतली होती. आमच्या डोंगरावर काही न करण्यासाठी आजवर कोणाची सही लागली नव्हती. लोक ते बिनसहीचंच करत आले होते. तेव्हा मीही एका कागदावर सही केली. मला जे शिकवलं जाईल त्यातलं अक्षरही मी रुबियेमला सांगणार नाही, असं त्यावर होतं. तिने तिचा शब्द मोडला, कारण मी माझा आधी मोडला. ही गोष्ट तिची आहे, पण सांगताना मला माझंही नाव घ्यावं लागणार. ते मी शक्य तितकं टाळत जाईन, हे आधीच कबूल करते.

माझं नाव पाइनाह. जातीसारी वाडीतली बालवाडी माझी. मधे सागाचा डोंगर आणि एक ओढा, पलीकडे सोकोवुनी, तिथली बालवाडी रुबियेमची. पायी अर्धा तास. आम्ही दोघी एकाच वर्षी नवव्या इयत्तेतून बाहेर पडलो, एकाच महिन्यात लग्न झालं, आणि दोघींचे नवरे राजधानीत भिंतींना गिलावा करायला गेले. माझा परत आला. तिचा दर ईदला येतो, आपण बांधलेली इमारत किती मजली आहे ते सांगतो आणि जातो. त्याच्या स्वतःच्या घराची मागची भिंत अजून बांबूची आहे.

रुबियेम पहाटे उठून सोयाबीनचे तेंपे, म्हणजे पानात आंबवलेल्या वड्या, बांधते, सातपर्यंत दारोदार विकते आणि आठला बालवाडी उघडते. ती शिक्षिका कशी झाली, ते ऐकण्यासारखं आहे. भुईमुगाच्या हंगामात बायका शेतावर जाताना पोरं तिच्याकडे टाकून जायच्या, कारण ती सोयाबीन निवडत घरीच असायची. आधी तीन होती, मग आठ झाली, मग एकोणीस. एक दिवस तालुक्याचे कोणी साहेब रस्ता चुकून तिच्या अंगणात आले आणि म्हणाले, "अरे वा, इथे बालवाडी आहे!" तिने हो म्हटलं. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? महिनाभराने पाटी आली, पाटीला खिळा मारायला माणूस आला, आणि बालवाडी वाडीच्या सभागृहात गेली. तेव्हापासून ती बाई.

तेव्हाची तिची बालवाडी म्हणजे आमची सगळ्यांचीच बालवाडी. मुलांनी हाताची घडी घालून बसायचं, बाई म्हणेल ते एका सुरात म्हणायचं, आणि परकं माणूस आलं की तोंड बंद. मोठ्यांसमोर बोलतं ते पोर वाह्यात, गप्प बसतं ते गुणी, एवढं बालशिक्षणाचं शास्त्र आम्हाला आईच्या पोटातच कळलेलं होतं.

मग विद्यापीठातून म्बाक किनांती आली. म्बाक म्हणजे ताई, पण वय सव्वीस. आम्हा मोठ्या बायकांना ती बू म्हणायची, म्हणजे बाई. पायात धावायचे बूट, पाठीला पिशवी, हातात काचेची पाटी, आणि मोटारसायकल अशी चालवायची की कोंबड्यांनी आधीच बाजूला व्हावं. लहान मुलांना कसं शिकवलं की ती पुढे शाळेत टिकतात, यावर तिचं संशोधन होतं. जिल्ह्यात वाड्यांच्या बारा जोड्या निवडल्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या एका वाडीला 'संच' मिळणार: बाईला शहरात बारा दिवसांचं प्रशिक्षण आणि खेळण्यांची पेटी. दुसरीला काही नाही. दोन वर्षांनी दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा.

पाक लुराह, म्हणजे आमचे सरपंच, यांनी कुरकुरीत पापड्यांच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठी काढली. संच मला आला.

"आणि आम्ही?" रुबियेमने विचारलं.

"तुमचं गाव तुलनेचं," किनांती म्हणाली. "बू रुबियेम, तुम्ही आजवर जसं करत होता तसंच करायचं. नवीन काही नाही. तेही फार महत्त्वाचं काम आहे बरं का. तुमच्याशिवाय अभ्यासच होणार नाही."

रुबियेम घरी जाताना ओढ्यापाशी थांबून मला म्हणाली, "पाइनाह, ऐकलंस ना? विद्यापीठ आमच्याशी तुलना करणार आहे."

"अगं, तुलना म्हणजे तू मागे राहायचंस म्हणून नेमलंय तुला."

"कोणीतरी राहायला हवं ना," ती म्हणाली आणि रिकामी टोपली डोक्यावर घेऊन ओढ्यात उतरली.

त्या दिवशी पाक लुराहनी एक गोष्ट दोनदा सांगितली, आणि ते सहसा एवढं मुद्द्याचं बोलत नाहीत. जिल्ह्याचा नवा नियम येत होता: तिसऱ्या वर्षापासून पदवी नसलेल्या बाईला बालवाडी चालवता येणार नाही. पण संचाची मुलं तुलनेच्या मुलांपेक्षा पुढे गेलेली दिसली, तर ही योजना आपल्या भागातल्या सगळ्या वाड्यांना लागू होईल, आणि तिचं प्रशिक्षण पदवीऐवजी धरलं जाईल. प्रत्येक भागाचा निर्णय तिथल्या जोडीवर. म्हणजे माझी मुलं रुबियेमच्या मुलांच्या पुढे गेली, तरच रुबियेमची बालवाडी राहणार. नाहीतर बंद. मला चिंता नव्हती, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मला तसंही मिळणार होतं, आणि योजना येवो न येवो, संचाच्या बाईला ते पदवीऐवजी चालणार होतं.

त्या वर्षी पहिली परीक्षा झाली, ती फार सोपी गेली, म्हणजे किनांतीला. तिने दोन्ही वाड्यांतल्या मुलांना चित्रं दाखवली आणि प्रश्न विचारले. माझ्याकडची अर्धी मुलं रडली. रुबियेमकडचा एक मुलगा चटईखाली शिरला, आणि वेनिंग नावाची तीन वर्षांची पोरगी जी रुबियेमच्या झग्यात तोंड खुपसून बसली, ती किनांतीची मोटारसायकल डोंगराआड गेल्यावरच बाहेर आली. किनांतीने सगळ्यांच्या नावापुढे 'माहीत नाही'ची खूण केली. आम्हा दोघींना अभिमान वाटला. मुलं किती गुणी वागली!

मग मी शहरात गेले. बारा दिवस पंख्याखाली बसून मी जे ऐकलं त्याने माझं डोकं गरगरलं. तिथे म्हणाले, मुलाला बोलू द्या. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा प्रश्न विचारा. विचारलं की गप्प राहा आणि मनात दहापर्यंत मोजा, उत्तर तुम्ही देऊ नका. मुलाने 'का' विचारलं तर त्याला दटावू नका. तुमच्याकडे उत्तर नसेल तर माहीत नाही म्हणा, पण उत्तर नाही म्हणून मुलाला गप्प करू नका. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मला त्यातलं काही जमणार नाही हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी मोजायला लागले की चारला माझा धीर सुटतो आणि उत्तर तोंडातून बाहेर पडतं.

निघताना निळी पेटी मिळाली. लाकडी ठोकळे, हातात घालायच्या बाहुल्या, चित्रांचे पत्ते. पेटीवर नोंदणीचा क्रमांक होता आणि एक पत्ता हरवला तरी लेखी उत्तर द्यावं लागेल अशी सूचना होती. मी घरी आल्या आल्या पेटी काचेच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. मुलांना ती रोज दिसायची. तपासणीला कोणी येणार असलं की आदल्या दिवशी मी ती पुसत असे.

आता माझा गुन्हा सांगते. बाहेरगावी जाऊन कोणी रिकाम्या हाताने परतलं, असं आमच्याकडे होत नाही. मेलेल्याच्या घरून आलं तरी शेजारणीसाठी काहीतरी आणायचंच. ते न आणणारी बाई पुढच्या सात वर्षांत कोणाच्या लग्नाला बोलावली जात नाही. मी बाकपियाचे, त्या मुगाचं पुरण भरलेल्या वड्यांचे, दोन डबे आणले होते. पण आमच्या बायकांच्या महिन्याच्या भिशीत ते दहा मिनिटांत संपले. रुबियेम शेवटी आली, तेंपे विकून. डब्यात कागद उरला होता.

"संपलं वाटतं," ती हसून म्हणाली. "असू दे. काय शिकवलं ते सांग."

"सांगायचं नाही. सही केलीय."

"बरं."

एवढंच म्हणाली आणि चहाचे कप गोळा करायला लागली. राग नाही, टोमणा नाही. तिने टोमणा मारला असता तर मी सही पाळली असती, देवाशपथ. पण बारा दिवस शहरात राहून मैत्रिणीसाठी काहीच आणलं नाही, हे मला सहन होईना. मी तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि पहिला दिवस सांगितला. पुढच्या भिशीला दुसरा. वर्षभरात बारा दिवस संपले. मला वाटायचं, सांगून काय बिघडतं, मला नाही जमत ते हिला काय जमणार?

पण तेंपे बांधणाऱ्या बाईला थांबायची सवय असते. सोयाबीन पानात बांधून ठेवलं की दोन दिवस त्याला हात लावायचा नसतो; घाई केली तर सगळं वाया जातं. रुबियेम दहापर्यंत मोजायची, आणि मूल तरी बोललं नाही तर पुन्हा एकपासून. पहिले दोन महिने सोकोवुनीच्या सभागृहात नुसती शांतता होती. आया कुजबुजायला लागल्या की बाईला विसर पडतो, विचारते आणि मग बघतच बसते. एक आजी तर औषधी मुळ्यांचा काढा घेऊन आली.

तिसऱ्या महिन्यात चटईखाली शिरणारा दानू बोलला. तिने विचारलं होतं, पाऊस नसताना ओढ्यात पाणी कुठून येतं. दानू म्हणाला, "डोंगराला घाम येतो." रुबियेम धावत डोंगर ओलांडून हे मला सांगायला आली. तेंपेची टोपली रस्त्यातच विसरली.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, चला, बघून येऊ घाम कुठे आहे ते."

पेटी तिच्याकडे नव्हती, म्हणून तिने सुताराकडून सागाचे तुकडे आणले आणि मुलांकडूनच दगडावर घासून घेतले. कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पानांच्या देठांच्या बाहुल्या केल्या, त्या दोन दिवसांत वाळायच्या, मग मुलं नवीन करायची. माझी पेटी मात्र दोन वर्षांनंतरही कोरी करकरीत होती. एकही पत्ता हरवला नाही, हे मी अहवालात लिहिलंही.

किनांती सहा महिन्यांतून एकदा यायची. रुबियेमच्या बालवाडीत बसून ती कोष्टकात खुणा करायची, आणि खुणा करता करता तिच्या कपाळावर आठी चढायची. तुलनेच्या गावात असं काही दिसायला नको होतं. पण ती आमच्याच मातीतली पोर; वयाने मोठ्या बाईला थेट विचारणं तिला जड जायचं. ती म्हणायची, "बू, मुलं छान आहेत तुमची," आणि रुबियेम म्हणायची, "कसली छान, नुसती बडबडी," आणि दोघी गोड चहा प्यायच्या. संशोधन असं सभ्यपणे चाललं होतं.

फुटलं ते दुसऱ्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाला. दोन्ही वाड्यांचा एकत्र कार्यक्रम होता. पाक लुराह बोलायला उभे राहिले. ते एकदा उभे राहिले की ऊन तिरकं होईपर्यंत बसत नाहीत. मुलं पुढच्या रांगेत होती. पाऊण तास झाल्यावर वेनिंग उठली. आता ती पाच वर्षांची होती. सरळ व्यासपीठापाशी गेली आणि ध्वनिक्षेपकाच्या जवळ उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "पाक लुराह, हे आम्हाला सांगताय की आणखी कोणाला? आम्हाला सांगत असाल तर आम्हाला समजत नाहीये."

दोन्ही वाड्या गार पडल्या. वेनिंगच्या आईने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला. आणि पाक लुराहनी, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या हातातल्या कागदाकडे नीट बघितलं.

संध्याकाळी ते माझ्या घरी आले. चहाला हात लावला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बू पाइनाह, ती पोरगी संचाची की तुलनेची?"

"तुलनेची."

"आणि तुमची मुलं?"

"माझी मुलं बसली होती ना, हाताची घडी घालून. तुम्ही बघितलंच."

"बघितलं," ते म्हणाले. "म्हणूनच आलोय. परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. ती मुलं अशी बोलली तर योजना बुडाली. मग माझ्या डोंगरावर तुमची एक बालवाडी राहील, आणि सोकोवुनीची पोरं ओढा ओलांडून येणार. पावसात ओढ्याला कसं पाणी चढतं ते तुम्हाला माहीत आहे. समजवा तुमच्या मैत्रिणीला."

भिशीत सगळ्या बायका रुबियेमभोवती बसल्या. मी गप्प राहण्याचं ठरवलं होतं, पण बोलले मीच.

"एक दिवस, रुबियेम. फक्त एक दिवस त्यांना पूर्वीसारखं बसव. हाताची घडी, तोंडाला कुलूप. किनांती 'माहीत नाही'ची खूण करेल आणि जाईल. मग योजना येईल, तुझी बालवाडी राहील, पुढची वीस वर्षं हवं तेवढं बोलायला शिकव."

"एक दिवसच?" तिने विचारलं.

"एकच."

"बरं," ती म्हणाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि कसाव्याचे तळलेले काप पुढे आले. आमच्याकडे 'बरं' म्हणजे 'तुमचं ऐकलं', त्यापुढे काही नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, तरी दर वेळी आम्ही फसतो.

परीक्षेच्या दिवशी मी ओढा ओलांडून गेले. म्हटलं, धीर द्यायला जाते. खरं म्हणजे पाळत ठेवायला. माझ्या मुलांची परीक्षा आदल्या दिवशी झाली होती. रडलं कोणी नव्हतं, एवढी प्रगती. चित्रात एक पालथं पडलेलं मडकं, शेजारी बकरी, आणि रडणारा मुलगा. किनांतीने विचारलं, "इथे काय झालं असेल?" माझ्या मुलांनी, एकेकट्याला विचारलं तरी एका सुरात म्हणावं तसं, "बकरी!" असं उत्तर दिलं. शून्य, एक, दोन असे गुण होते. बहुतेकांना एक मिळाला.

सोकोवुनीत मुलं भिंतीला टेकून बसली होती, हाताची घडी घालून. मला हायसं वाटलं. रुबियेम कोपऱ्यात होती, तोंड उतरलेलं. पहिला दानू. किनांतीने चित्र पुढे केलं. "इथे काय झालं असेल?"

दानू गप्प. किनांती थांबली. दानूने रुबियेमकडे बघितलं. रुबियेमने जमिनीकडे बघितलं. मग दानू हळूच म्हणाला, "बाई, आता बोलायचं का नाही?"

किनांती वळली. "म्हणजे? बोलायचं नाही असं कोणी सांगितलं?"

"बाईंनी सकाळी सांगितलं, आज गप्प बसा," वेनिंग मागून म्हणाली. "मी विचारलं का. तर बाई रडल्या. मग आम्हीच गप्प बसलो."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. रुबियेम उठली. तिने मुलांकडेच बघून सांगितलं, "चुकलं माझं. मला उत्तर देता आलं नाही म्हणून मी तुम्हाला गप्प केलं. तसं करायचं नसतं. बोला तुम्ही."

आणि मग मुलं बोलली. दानू म्हणाला, बकरीला तहान लागली होती, मडकं उंच ठेवायला हवं होतं. दुसरा म्हणाला, मडकं फुटलं नाहीये, मग रडतोय कशाला. वेनिंगने चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "मडकं या मुलानेच पाडलं. बकरीला बोलता येत नाही ना, म्हणून तिचं नाव सांगतोय."

किनांती खूण करायची विसरली. तिच्या कोष्टकात दोनच्या पुढे रकानाच नव्हता.

एकोणीस मुलं झाल्यावर ती आम्हा दोघींसमोर चटईवर बसली. या वेळी तिने वयाचा मान बाजूला ठेवला.

"बू रुबियेम, खरं सांगा. हे तुम्हाला कोणी शिकवलं? कोणी प्रशिक्षणातलं काही सांगितलं होतं का? तसं असेल तर मला लिहिता येईल. मग याचा अर्थच बदलतो. मग हे प्रशिक्षणाचंच यश ठरेल, तोंडी पोचलं तरी चालतं असं. तुमची बालवाडी कदाचित वाचेल. पण सांगणाऱ्या बाईचं प्रमाणपत्र मात्र जाईल, तिने सही केलेली असते."

हे ती रुबियेमला विचारत होती. मी शेजारीच हात मांडीखाली दाबून बसले होते. माझ्या तोंडात कसाव्याचा काप होता, तो मी गिळलाही नाही. रुबियेमने माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी नंतर कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. तिने बघितलं नाही ते मला वाचवायला, आणि मी ते ओळखून गप्प बसले.

"कोणी नाही," रुबियेम म्हणाली. "असंच. मुलांकडे बघून."

किनांतीने तसं लिहून घेतलं.

चार महिन्यांनी निकाल आला. छापील, चकचकीत. आमच्या जोडीबद्दल त्यात एक परिच्छेद होता, पाक लुराहनी तो मोठ्याने वाचला. सोकोवुनीच्या मुलांना कोणतंही साहाय्य दिलेलं नसताना त्यांनी संच मिळालेल्या मुलांपेक्षा सरस प्रगती केली. सबब, या भागात मुलं वयानुसार आपोआप विकसित होतात आणि बाईला प्रशिक्षण देण्याची गरज दिसत नाही. योजना रद्द. पदवीचा नियम जुलैपासून लागू. जिला शिकवता येत होतं तिच्याकडे कागद नव्हता. माझ्याकडे कागद होता, त्यामुळे दुसरं काही लागलं नाही.

जूनच्या शेवटी सोकोवुनीची पाटी उतरवली. ती लावायला स्वतंत्र माणूस आला होता. उतरवायला कोणी आलं नाही, रुबियेमनेच पाटीचे खिळे उपटले. मी गेले होते. म्हटलं, "मी सांगते त्यांना. अजून सांगते." ती म्हणाली, "आता सांगून तुझीही जाईल. मग पोरांनी कुठे जायचं?" आणि आत जाऊन सोयाबीन भिजत घातलं. तिला माझा राग आला असता तर बरं झालं असतं. निदान मला लाज थोडी कमी वाटली असती.

जुलैच्या पहिल्या सोमवारी सोकोवुनीची मुलं माझ्याकडे आली. मोठी झालेली पहिलीत गेली होती. वेनिंगला पहिलीची सात वर्षं पुरी व्हायला दोन महिने कमी पडले म्हणून ती अजून बालवाडीतच. ओढ्यातून त्यांना रुबियेमने आणलं, दोघांना कडेवर घेऊन, बाकीची एका दोरीला धरून. नियमाप्रमाणे कागद नसलेल्या माणसाला वर्ग चालू असताना आत थांबता येत नाही. म्हणून ती बाहेर फणसाच्या झाडाखाली बसून राहिली, अकरापर्यंत. परत न्यायचं होतं ना.

मी फळ्यापुढे उभी राहिले. तेहेतीस मुलं. माझी हाताची घडी घालून बसली होती, तिची माझ्याकडे टक लावून. त्यांच्या त्या बघण्याने मी गडबडले. म्हटलं, दाखवू यांना. मी कपाट उघडलं, निळी पेटी काढली, एक पत्ता उचलला आणि विचारलं, "सांगा, हा पक्षी कोणता?" आणि कोणी श्वास घ्यायच्या आत मीच म्हणाले, "बुलबुल! काय? बुलबुल!"

"बुलबुल!" माझी मुलं म्हणाली.

वेनिंगने हात वर केला. "बाई, तुम्हाला माहीत होतं तर आम्हाला का विचारलं?"

मला राग यायला हवा होता. तोंडापर्यंत आला होता, "गप्प बस" हे शब्द जिभेवर होते. पोरगी उद्धटपणे बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. 

"माहीत नाही गं," मी म्हणाले.

 मग ती माझी दया आल्यासारखी हळू आवाजात म्हणाली, "आमच्या बाईंना येतं हे. त्या बाहेरच बसल्यात. त्यांना विचारून येऊ?"

मी पत्ता पेटीत ठेवला आणि स्वतःच बाहेर गेले. रुबियेम मुलांच्या चपला जोडीने लावत होती.

"ऊठ," मी म्हटलं. "आत जा."

"वेडी आहेस का? तपासणीला कोणी आलं तर?"

"मी इथे बसते. आलं कोणी तर आधी मलाच भेटेल."

"आणि काय सांगशील?"

"तुला कोणी शिकवलं ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. या वेळी बघितलं तिने. मग झगा झटकून उठली आणि आत गेली, आणि मी तिच्या जागेवर बसले. रस्त्यावर एक मोटारसायकल डोंगर चढत येत होती. कोणाची ते अजून दिसत नव्हतं. मला भीती वाटत होती, तरी मी उठले नाही.